पोरीले डोंगर दिसत नाही

शाळेतून फोन आला तवा मी दारात बसून मेथीच्या जुड्या बांधून राहिली होती. आमचा भाजीचा धंदा. पोरीचे पप्पा अकोल्याच्या जुन्या शहरात बाजारात बसतात, अन मी घरून माल नीट करून देतो. फोनवर शाळेचं नाव दिसलं अन माह्या हातातली जुडी सुटली. मले तसं सगळ्याचंच भेव वाटते. कुकरच्या शिटीचं वाटते, मॉलातल्या सरकत्या जिन्याचं वाटते, पण शाळेच्या फोनचं जेवढं वाटते तेवढं कशाचंच नाही. मले आठवीतून काढलं, तवापासून शाळा म्हटली की वाटते, आता आपल्याले उभं करतीन अन काही तरी विचारतीन.

फोनवर खेळाचे सर होते. चित्रकलेचे सर बदलून गेले, त्याईच्या जागी कोणीच आलं नाही, म्हणून तो तास खेळाच्या सरले देला होता. सर एकदम शुद्ध बोलत. म्हणे, "तुमच्या मुलीला डोंगर दिसत नाहीत का हो? एवढे मोठे डोंगर, सगळ्या वर्गाला दिसतात, हिलाच दिसत नाहीत!" मांगं पोट्ट्यायचा लय कल्ला चालू होता. सर त्याईच्यावर वरडले, शिटी वाजली अन फोन कटला.

म्या जुड्या तशाच टाकल्या. त्याचं कारण हाय. माही मावशी तरणीताठी होती तवा तिचे डोळे गेले. पयले तिले सांजच्याले पायरी दिसेनाशी झाली. घरचे म्हणत, कामाचा कंटाळा करते, सोंग करते. मंग एक दिवस ती ताटात हात फिरवून पोळी शोधून राहिली होती, तवा त्याईले समजलं, पण डॉक्टर म्हणे आता उशीर झाला. मी तिचा हात धरून तिले फिरवत होतो, म्हणून मले माहीत हाय उशीर म्हणजे काय असते.

पोरगी शाळेतून आली तशी म्या तिले दप्तरासकट गच्चीवर नेली. तिसरीत हाय ती. म्हटलं, "समोर काय दिसते?"

"टाकी."

"त्याच्या मांगं?"

"मोबाईलचा टावर."

"त्याच्या मांगं?"

"आभाळ."

"अन आभाळाच्या मांगं?"

"आई, आभाळाच्या मांगं काय असते व?"

मले काय मालूम! म्या म्हटलं, "डोंगर असतीन. नीट पाय." ती डोळे बारीक करून पाह्याले लागली, म्याही केले. काहीच दिसलं नाही. म्हटलं झालं, मावशीचं मलेही लागलं अन माह्यातून पोरीतही उतरलं.

सासूले मी आत्याबाई म्हणतो. आत्याबाईनं सांगितलं, "गाजरं खाऊ घाल." घरात गाजरायची काय कमी! सकाळी गाजराचा कीस, डब्यात गाजराची भाजी, सांजच्याले कच्चं गाजर. पोरीचे पप्पा बाजारातून आले अन म्हणे, "अवं, गिऱ्हाइकासाठी ठेवशीन का नाही?" म्या त्याईले सगळं सांगितलं. त्याईनं पोरीले समोर उभं केलं.

"हे काय हाय?"

"वांगं."

"अन हे?"

"किडकं वांगं."

"घे! किडकंबी दिसते तिले," ते मले म्हणे. "मंग डोंगर नाही दिसत तं काय झालं? डोंगराची काय भाजी कराची हाय का?"

त्याईले हासू येत होतं. मले रडू आलं. तवा ते म्हणे, "जा बापा, दाखवून ये."

डोळ्याच्या डॉक्टरकडं ही गर्दी. नंबर लागता लागता दुपार झाली.

डॉक्टर म्हणे, "काय त्रास हाय?"

"पोरीले डोंगर दिसत नाही जी."

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. "कोणते डोंगर?"

"ते नाही मालूम जी. सरनं इतकंच सांगितलं की सगळ्या वर्गाले दिसते."

त्याईनं पोरीले खुर्चीवर बसवलं. पोरीच्या डोळ्यात लाईट टाकला, अक्षरं वाचाले लावली. तिनं शेवटची बारकी ओळ वाचली अन तिच्याखाली छपाईवाल्याचं नाव होतं तेही वाचलं. म्या मावशीचं सांगितलं तवा त्याईनं थेंब टाकून, बाहेर बसवून, पुन्हा आत घेऊन नीट तपासलं. म्हणे, "नजर चांगली हाय. मावशीसारखं काही नाही." मी हात जोडले, पण मन मानेना. म्हटलं, "मंग डोंगर?"

डॉक्टरनं खिडकीचा पडदा सरकवला. बाहेर एक दाल मिलचं पत्र्याचं छत, त्याच्यावर कबुतरं, अन मंग सपाट, सपाट, सपाट. "तुमाले दिसते का डोंगर?"

"नाही जी."

"मलेबी नाही दिसत. पातूरच्या घाटाकडं जाल तं दिसन. मंग आता काय करू? आपल्या तिघायलेबी चष्मा देऊ?"

म्या म्हटलं, "द्या जी."

बाहेर कंपाउंडर हासून हासून लाल झाला. मले रस्त्यात समजलं काहून हासला ते.

घरी येऊन म्या पोरीले जवळ घेतलं अन विचारलं, मंग डोंगराची भानगड हाय काय? तवा तिनं दप्तरातून चित्र काढलं. सरनं 'माझे गाव' काढाले सांगितलं होतं. तिनं अर्ध्या कागदावर काळा खडू घासला होता, ते आमच्या मामंजीच्या गावचं काळ्या मातीचं वावर. वरतं आभाळ. मधात लाईटची डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, अन डीपीवर एक कावळा, त्याची मान वाकडी. खरंच तसाच बसते तो. म्या स्वतः पाह्यला हाय, हटकला तरी उडत नाही. त्या चित्रावर लाल पेनानं लिहिलं होतं: डोंगर कुठे? नदी कुठे? नारळ कुठे?

आता खरं सांगाचं तं म्या काय करावं होतं? म्या म्हणावं होतं, लय भारी हाय कावळा. पण मले शाळेचं भेव. म्या म्हटलं, "माय, तुहे डोळे चांगले हाय. मंग सर म्हणते तं काढत जा ना डोंगर. तुह्या बापाचं काय जाते?"

पोट्टी आयकणारी हाय. दुसऱ्या दिवसापासून डोंगर सुरू झाले. टोकदार दोन डोंगर, मधातून सूर्य, खाली नदी, कडीले नारळ. घर काढलं, मांगं डोंगर. बाजारात बसलेले पप्पा काढले, वांग्याच्या ढिगामांगं डोंगर. आत्याबाई चहा पिऊन राहिली, तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूनं डोंगर अन मधात अंबाड्यातून सूर्य निंघून राहिला. आत्याबाई खूश. म्हणे, "गाजराचा गुण आला." सरनं 'छान' लिहून देलं. मीही आठ दिवस निवांत झोपली.

दिवाळीच्या सुट्ट्यायमधी मी पोरीले घेऊन माहेरी गेली. अंजनगाव सुर्जीच्या इकडं हाय माहं माहेर. दर्यापूरवरून एसटी जाते. पयले पोरगी खिडकीले नाक लावून बसत होती अन डोकं खात होती, हे काय, ते काय, त्या बैलाचं एकच शिंग काहून? अखीन एसटी गावाबाहेर निघत नाही तं माहा जीव नकोसा करत होती. यंदा ती कागद घेऊन बसली अन डोंगर काढत राहिली. बाहेर पाह्यलंच नाही. मले पयले बरं वाटलं, मंग दर्यापूर गेल्यावर बरं वाटेना.

आमच्या माहेरी गच्चीवरून मेळघाटचे डोंगर दिसते. खरेखुरे. सकाळी मी तिले उठवून वरतं नेली. म्हटलं, पोरीले एकदाचे डोंगर दाखवू. उत्तरेकडं सगळे दिसत होते, निळे, इथून तिथपर्यंत.

"पाय बाई, डोंगर!"

"कुठी?"

"अवं ते काय समोर!"

तिनं पाह्यलं. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. "आई, डोंगर कुठी हाय व? ते तं आभाळाची कड हाय. डोंगरायले टोक असते. मधात सूर्य असते."

अकोल्यात डोंगर नव्हते अन तिले दिसत नव्हते, तं म्या तिले डॉक्टरकडं नेलं. इथं एवढे डोंगर पुढ्यात उभे, अन आता तिले खरंच दिसत नव्हते! अन याच्यावर डॉक्टरपाशी औषध नाही, कारण डोळे चांगले हाय, ते त्याईनं सांगितलं हाय. मले मावशीची ती ताटावर फिरणारी बोटं आठवली. म्हटलं, उशीर तं नाही झाला?

मंग मी तिच्या हातातला खडू घेतला. म्हटलं, थांब, मी दाखवतो तुले कसे हाय ते. अन म्या काढले. काढून झाले तवा पाह्यलं, तं दोन टोकं, मधात सूर्य. सूर्य तिकडं पूर्वेले उगून राहिला होता, पानमळ्यावर! अन मी ह्याच गच्चीवर लहानाची मोठी झाली. आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाले आमी पटांगण झाडत होतो, खिचडीचे तांदूळ निवडत होतो, अन कधी मधी एक चित्र काढलं तं हेच. डोंगर रोज समोर होते, पण ते असे लांब, आडवे, वरतून चपटे हाय, हे मले कोणी विचारलं नाही अन म्या पाह्यलं नाही.

"आई, तुले बी नाही दिसत?" पोरीनं विचारलं.

"नाही व. चाल, दोघी पाहू."

लय येळ लागला. ती खडू हवेत धरून डोंगराच्या कडीवरून फिरवत होती अन मी तिचं मनगट धरून होतो. मधात एका जागी डोंगर खचल्यासारखा होता. तो मले पयले सापडला, अन मी एवढ्यानं वरडली की खालून माही आई म्हणे, "पडली का व?"

शाळा सुरू झाली तशी मी शाळेत गेली. कोणी बलावलं नव्हतं, स्वतःच गेली. भेव होतंच, पण गेली. वर्गाच्या भिंतीवर सगळ्या पोट्ट्यायचे 'माझे गाव' लावले होते. सगळ्यायचं गाव एकच! तेच दोन डोंगर, तोच नारळ. कोणाच्या गावात कोण राह्यते, वरच्या नावाशिवाय वळखू येईना.

सर म्हणे, "आता तुमची मुलगी छान काढते हो."

म्या म्हटलं, "सर, आता तिले खरंच डोंगर दिसत नाही." अन एका दमात सगळं सांगितलं, गाजरं, डॉक्टर, मेळघाट, सगळं. दम लागला मले.

सर म्हणे, "ताई, एवढं मनावर घेऊ नका. चित्रकला काही मुख्य विषय नाही."

"सर जी, पोट्टी खिडकीतून पाह्याची बंद झाली," म्या म्हटलं. "पयले बैलाचं शिंग मोजत होती. गणितात नापास करा तिले, चालते मले. पण हे सुधरवून द्या. अन एक सांगा, तुमच्या गावात हाय का नारळ?"

सरनं भिंतीकडं पाह्यलं. गळ्यातली शिटी हातात धरली. अन एवढे शुद्ध बोलणारे सर एकदम आमच्यावालं बोलाले लागले. "नाही ना व ताई," म्हणे. "माहं गाव बार्शीटाकळीकडं. नारळ मी देवापुढंच पाह्यला. पण मले एवढंच चित्र येते. मलेबी एवढंच शिकवलं होतं. आता बोर्डावर नाही काढलं तं मी शिकवू काय?"

"काही नका काढू जी. पोट्ट्यायले बाहेर बसवा, अन तुमीबी बसा."

मले वाटलं, आता हाकलतीन. पण त्याईनं डस्टर घेतलं अन बोर्डावरचे दोन्ही डोंगर पुसले. सूर्य उरला होता मधात, तो पुसताना जरा थांबले. मंग शिटी वाजवली, खेळाच्या तासाले वाजवते तशी, अन सगळे पोट्टे कागद घेऊन पटांगणात पळाले. शाळेच्या कुंपणापाशी डीपी हाय, तिच्यासमोर बसले. सरबी मांडी घालून बसले. सरची डीपी एवढी वाकडी आली की पोट्टे हासून लोळले. कोणी म्हणे बकरी हाय, कोणी म्हणे पाण्याची टाकी.

माही पोरगी उठून सरच्या मांगं गेली. मी फाटकापाशी उभी. तिनं एकदा कागद पाह्यला, एकदा डीपी पाह्यली, मंग पुन्हा डीपीच्या शेंड्याकडं पाह्यलं, हाताची सावली करून.

"सर," ती म्हणे, "तुमचा कावळा राह्यला."