विटाळ पाण्याला

काष्टीच्या बाजारवाटेवर मनकर्णाकाकूंची वस्ती आहे. तिथून कोरड्या घशानं पुढं गेलेला माणूस मला दाखवा! "आरं, पानी पिऊन जा!" ही हाक बांधावरून यायचीच. थॉमस मास्तरांच्या आज्याला वस्तीवरच्या याच विहिरीवर, शिवाशिव नको म्हणून, वरून ओंजळीत पाणी ओतायचे. काकूंनी सासूच्या डोळ्यादेखत तांब्या मास्तरांच्या हातात दिला. "धरा मास्तर, वरून वतायला मी काय ढग हाय व्हय?" तेव्हापासून दर बाजारी मास्तरांची सायकल तिथं थांबते.

पाणी अजूनही गोड आहे. भीती त्याचीच वाटते. विहिरीलगतच्या ओढ्यात केमिकलचे टँकर रिकामे व्हायला लागले, तसं विहिरीतलं शेवाळ गेलं, बेडूक गेले. पाणी इतकं नितळ झालं की तळाला बुडालेली जुनी कळशी दिसायला लागली. लोक म्हणाले, फिल्टरचं झालं.

काकूंची सून निकिता. तिची दोन बाळं पोटातच गेली. दुसरं काकूंनी फडक्यात गुंडाळलेलं पाहिलं. काय पाहिलं, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. पण भाकरी थापता थापता थांबायच्या आणि स्वतःचीच बोटं बघत बसायच्या. भावकी म्हणाली, सुनेचा पायगुण. आता निकिताला पुन्हा दिवस गेलेत.

मी शेजारच्या वस्तीवरचा, शाळा सोडलेला माणूस, पण वाचतो. काकूंच्या खिडकीत दोन ग्लास ठेवले. एकात पावसाचं साठवलेलं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं. दोन्हींच्या तोंडावर कांदा. पहिल्याला पांढरी दाढी फुटली. दुसऱ्याची मुळं खाली गेलीच नाहीत. फुगली, आखडली आणि पाण्याकडं पाठ करून वर वळली.

काकू बघतच राहिल्या. "ह्याला कुनी सांगितलं रं?"

"मुळाच्या टोकाला पेशीतून पेशी होते, काकू. पिढीची खूण तशीच पुढं जाते. पाण्यातलं विष ती खूणच मोडतं. कांदा म्हणजे बाई नव्हे, मान्य. पण निकिताला हे पाजू नका."

पाण्याचा नमुना सरकारी तपासणीला दिलाय. साहेब म्हणतात, थांबा. पोटातल्या पोराला सांगा म्हणावं थांबायला!

निकिताला काकूंनी सावेडीला तिच्या भावाकडं धाडलं. त्याच दिवशी दीर गहिनीनाथ दारात येऊन उभा राहिला. "वैनी, हे बाहेर गेलं तर आपलं दूध, कांदा कोन घेईल? पोरींची लग्नं व्हायचीत अजून." त्या दिवसापासून बांधावरची हाक बंद झाली.

बाजारच्या दिवशी मास्तर आले. मी ओट्यावरच होतो. त्यांनी सवयीनं तांब्या उचलला, ओठाला लावणार तोच काकूंनी तो हिसकावून पालथा केला.

मास्तरांचा चेहरा उतरला. "अजून तेच का, मनकर्णाबाई? एवढ्या वर्षांनी?"

गहिनीनाथ गोठ्यातून बघत होता. मास्तरांनी सायकल वळवली. ती वाटेला लागली, तशा काकू अनवाणी धावल्या आणि सगळ्या भावकीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, "मास्तर! विटाळ तुमचा न्हाई! पान्याला झालाय!"

बाजाराला निघालेल्या बाया जागच्या जागी थांबल्या. एकीच्या कडेवर तान्हं होतं. याच विहिरीवर भरलेली बाटली तिनं उन्हाला धरून पाहिली.

पाणी नितळ होतं.