उंबरदऱ्याचा तांब्या

तलावात गाळ साठतो तसे आमच्या चौकीत किस्से साठत गेले. फरक एवढाच, की गाळ काढायला निदान टेंडर तरी निघतं. किस्से काढायला चहा लागतो. तो मागवा, मग सांगतो.

मी बालाजी. उंबरदऱ्याच्या तलावावर राखणदार होतो. शिरूर अनंतपाळच्या बाजूला डोंगरात हा तलाव, आणि त्याचं पाणी पाइपातून खाली लातूरला प्यायला जायचं. आमचं काम एकच. त्या पाण्यात कुणाला उतरू द्यायचं न्हाई. माणूस न्हाई, म्हैस न्हाई, गणपतीसुद्धा न्हाई. माझी नोकरी भूकंपाच्या आधीची. पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं, गल्लोगल्ली होस्टेलं निघाली, आणि माझी थोरली सुनीताही तिथं राहायला गेली. तेव्हापासून कुणी तलावात पाय घातला, की तो तिच्या ग्लासात घातल्यासारखा वाटायचा मला. तसा मी आधीच तापट, त्यात ही भर पडली.

*

चौकीत माझ्या वरचे उत्तममामा, अहमदपूरचे. मी नवीन होतो तेव्हा शिट्टी आणि काठी घेऊन पळायचो लोकांच्या मागं. मामांनी पहिल्याच आठवड्यात काठी काढून घेतली आणि हातात पितळी तांब्या दिला.

मी म्हणलं, "मामा, ह्याचं काय करू?"

"बघून घे," म्हणाले.

समोर एक गुरुजी काठावर उकिडवे बसून मिश्री लावत होते. तोंड धुऊन झालं, मोठ्यानं चूळ पाण्यात टाकली. मामा शांतपणे गेले, बरोब्बर तिथलाच तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी अदबीनं पुढं केला. "घ्या गुरुजी, पाणी."

गुरुजी दचकले. "अहो, हे कसं पिऊ? यात तर मी आत्ता चूळ टाकली."

"हाव ना," मामा म्हणाले. "लातूरवाल्याला हे कोणी सांगत न्हाई. तुम्हाला म्या सांगून राहिलो."

गुरुजी परत काही दिसले न्हाईत. तेव्हापासून आमच्या चौकीचा कायदा म्हणजे तांब्या. दंड न्हाई, शिवी न्हाई. जो जिथं घाण करील, त्याला तिथलंच पाणी पुढं करायचं. कितीतरी वर्षं ते कुणी प्यायलं न्हाई.

*

भूकंप झाला तेव्हाचं सांगतो. आजूबाजूची गावंच्या गावं गेली होती. रडून रडून माणसांचे डोळे कोरडे पडले होते. जमीन अधूनमधून हलतच होती, आणि कुणीतरी आवई उठवली, की उंबरदऱ्याच्या भिंतीला चीर पडली. पायथ्याला आमचंच गाव. भर दुपारी सगळं गाव वर आलं, बायकापोरांसकट.

साहेब लोक भिंत बघून गेले होते. भिंत ठणठणीत होती. पण ऐकतंय कोण? सरपंच म्हणाला, "कागदावर ठणठणीत आमचंबी घर होतं."

मामा उठले. चौकीतली बाज डोक्यावर घेतली, भिंतीच्या खालच्या अंगाला नेऊन टाकली आणि आडवे झाले. वर एवढा मोठा तलाव, खाली हे.

"मामा, हे काय करून राहिलात?" सरपंच ओरडला.

"झोपून राहिलो," मामा म्हणाले. "फुटली तर सगळ्यात आधी मला कळंल. मग येऊन सांगतो तुम्हाला."

आधी एक बाई हसली. मग सगळेच हसले. भूकंपानंतर आमचं गाव पहिल्यांदा हसलं ते त्या दिवशी. संध्याकाळपर्यंत मामांच्या शेजारी आणखी तीन-चार बाजा आल्या, कारण तिथं वारा लई छान लागायचा.

*

हमीदभाई आमचा शहरातला वॉलमन. कोणत्या गल्लीला कोणत्या वारी पाणी सोडायचं, ती चावी त्याच्या हातात. मोठमोठे वकील-डॉक्टर त्याला रस्त्यात थांबवून सलाम करायचे. आठवड्यातून एकदा तो वर चौकीत चहाला यायचा.

एकदा तो बसलेला असताना एक पुढारी जीप घेऊन आले आणि जीप सरळ पाण्यात घातली. ड्रायव्हर लागला धुवायला. मी तांब्या घेऊन उठलो, माझं डोकं फिरलेलंच होतं. पुढारी म्हणाले, "मला ओळखत न्हाईस का?"

हमीदभाईनं मला हातानं खाली बसवलं. बशीतला चहा संपवला आणि लांबूनच म्हणाला, "धोव ना साब, बेशक धोव. तुम्हारी गल्ली का नंबर कलच है. यहीच पानी छोडतूं."

जीप साबणासकट परत गेली. अर्धी पांढरी, अर्धी चिखलाची.

*

क्लासचा जोर वाढला तसे आमच्याकडं वेगळेच लोक यायला लागले. एक गृहस्थ नांदेडहून एस.टी.नं आले, हातात रिकामा कॅन. सरकारी नोकरीतले, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, "थोडं पाणी पाहिजे."

म्हणलं, "प्या की."

"प्यायला नको, न्यायला पाहिजे. मुलगा बारावीला आहे. लातूरचीच पोरं का पुढं जातात, यावर मी लई विचार केला. सर बघितले, पुस्तकं बघितली, सगळं आमच्याकडंही आहे. उरलं फक्त पाणी."

मी हसू दाबलं. "साहेब, गोदावरीच्या काठावर राहता आणि पाणी इथून नेता?"

"गोदावरीनं पुण्य मिळतं," ते गंभीरपणे म्हणाले. "मार्क मिळत न्हाईत."

कॅन भरून दिला. एवढ्या श्रद्धेनं आमचं पाणी आजवर कुणी नेलं नव्हतं. पुढच्या वर्षी परत आले, या वेळी दोन कॅन घेऊन. म्हणलं, मुलगा पास झाला वाटतं. तर म्हणाले, "नापास झाला. डोस कमी पडला."

*

एका क्लासचे सर मुलांना बसमधून घेऊन आले होते. माइंड फ्रेश करायला. दहा-पंधरा पोरं शर्ट काढून पाण्यात. मी गेलो, तांब्या भरला आणि सगळ्यात हुशार दिसणाऱ्या चष्मेवाल्यापुढं धरला. "घ्या, तुमच्याच होस्टेलच्या टाकीत जाणारं हाय."

त्यानं तांब्यात बघितलं, पोहणाऱ्या मित्रांकडं बघितलं, मग सरांकडं.

"सर," तो म्हणाला, "हे सिलॅबसच्या बाहेरचं आहे."

सरांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत न्हाई.

त्या वर्षी पाऊस नव्हता. गावचा ओढा कोरडा. तलावही निम्म्यावर आलेला, आणि तेवढ्यावरच शहराला पुढचे महिने काढायचे होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. बैल स्वच्छ धुवायचे, खांद्याला तूप-हळद चोळायची, त्यांच्या कानात "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणायचं. वर्षभर राबणाऱ्या बैलाला न धुता आवतन कसं द्यायचं?

दुपारी गाव वर आलं. प्रत्येकाच्या हातात कासरा. आणि सगळ्यांच्या पुढं आमचे आबा, माझे वडील, त्यांची सर्जा-राजाची जोडी घेऊन. लोकांनी मुद्दामच पुढं घातलं होतं त्यांना. बालाजी बापाला अडवतो का, ते बघायचं होतं. अडवलं न्हाई, तर आख्ख्या गावाची बैलं आत. आणि एकदा गेली, की दरवर्षी जाणार.

मामांकडं बघितलं. मामा जमिनीकडं बघून राहिले.

आबा थांबले न्हाईत. बैलांचे पुढचे पाय पाण्यात गेले, तळाचा गाळ वर आला, सर्जानं तिथंच शेण टाकलं. मी तिथला तांब्या भरला. "घ्या आबा, पाणी."

आबांनी माझ्याकडं बघितलं. तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा पिऊन रिकामा केला. मिशा पुसल्या.

"माझ्या बैलाच्या पायाचं पाणी हाय," म्हणाले. "मला चालतं."

मागं गाव हसलं. कासरे सैल झाले, मागची जोडी पाण्याकडं निघाली. तांब्या हरला होता, आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

सुनीता सणाला घरी आलेली. भावकीतल्या बायकांबरोबर तीही वर आली होती. ती गर्दीतून पुढं झाली, चप्पल काठावर काढली, पिशवीतून तिची क्लासची निळी बाटली काढली. सर्जाच्या पायाशी वाकली, बाटली बुडवली, काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं.

"हे काय गं?" आबा म्हणाले.

"परवा क्लासला जायचंय आबा. तिथं नळाला हेच येतं. म्हणलं, इथूनच भरून नेते."

कुणी हसलं न्हाई. आबा त्या बाटलीकडं बघत राहिले. आत गाळ हळूहळू खाली बसत होता.

मग त्यांनी कासरा ओढला. बैल मागं घेतले, पार काठाच्या वर, चौकीच्या लिंबापर्यंत. मागच्या जोड्याही वळल्या. तिच्या हातातून बाटली घेतली, झाकण काढलं, निम्मं पाणी सर्जाच्या खांद्यावर ओतलं, निम्मं राजाच्या. हातानं चोळलं.

"झाली यांची आंघोळ," आबा म्हणाले आणि रिकामी बाटली तिला परत दिली. "घरी गेल्यावर चांगली घासून घे ही. मगच ने."