आधी धुतलेले हात

सुमित्राबाईंनी तो प्राणी घरात घेतला तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, या घरात आता काहीतरी वाईट होणार. तसं झालंही. पण गल्ली म्हणत होती त्या कारणाने नाही, आणि याचाच मला अजून राग येतो. कोणाला समजावून सांगायला जावं, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच लोक 'आम्ही म्हटलंच होतं' अशी मान हलवतात.

मी त्यांची भाडेकरू. नवऱ्याच्या नोकरीपायी साताऱ्याहून म्हैसूरला आले आणि सरस्वतीपुरममध्ये त्यांच्या पहिल्या मजल्यावर राहू लागले. खाली सुमित्राबाई, त्यांचा मुलगा भुवन आणि सून सहाना. भुवन बेळगोळच्या एका कारखान्यात कामाला. यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिपाई होते. घरात मराठी बोलतात, पण दर दुसरा शब्द कन्नड. सगळे सुमित्राबाईंना अक्का म्हणतात, मीही म्हणते.

अक्कांची सगळी नोकरी रेशमाच्या अळ्या वाढवण्याच्या सरकारी केंद्रात गेली. अळ्यांच्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर, पाय औषधाच्या पाण्यात आणि हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले. माणसाच्या हातून रोग आत गेला की सगळ्या अळ्या माना टाकतात, असं त्या सांगत. नवीन आलेल्या पोरींना त्यांनी यावरून इतकं रडवलं होतं म्हणे, की त्या खोलीत त्यांच्या हाताखाली कधी रोग शिरला नाही. याचा त्यांना फार अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

समोरच्या अपार्टमेंटमधल्या विक्रांतची बदली झाली. पुण्याचा माणूस, संगणकातला. त्याने हौसेने एक इग्वाना पाळला होता, म्हणजे परदेशी जातीचा, हातभर लांबीचा हिरवा सरडा. पाळला म्हणायचं इतकंच. माशांच्या रिकाम्या काचेच्या पेटीत, पडदे ओढलेल्या खोलीत, पावाच्या तुकड्यांवर ठेवला होता. जाताना तो रखवालदाराला सांगत होता, "याला तळ्यावर सोडून ये." अक्का फाटकाशी भाजी घेत होत्या. त्यांनी भाजीची पिशवी माझ्या हातात दिली आणि पेटीच उचलली.

"पाप, बिचारा, याचा जबडा बघ गं," त्या मला म्हणाल्या. जबडा रबरासारखा दबत होता. मागचे पाय वाकडे झाले होते, शेपटीचं टोक काळं पडलं होतं, आणि उचललं की त्याच्या बोटांना कंप सुटायचा. मला किळस आली, खोटं कशाला सांगू? अक्का म्हणाल्या, "पदरी पडलं, पवित्र झालं."

जनावरांच्या डॉक्टरांकडे मीच स्कूटरवरून घेऊन गेले. त्यांनी सांगितलं, याला ऊन नाही, कॅल्शियम नाही, म्हणून हाडं विरघळत चालली आहेत. औषध दिलं, कुठला पाला घालायचा ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "याला हाताळताना साबणाने हात धुवायचे. घरात लहान मूल असेल तर जास्तच जपा." अक्का हसल्या. "मला शिकवता होय, डॉक्टर? सगळी नोकरी तेच केलं."

सहानाला तेव्हा सातवा लागला होता. तिची आई ताराम्मा बन्नीमंटपला राहते. ती बातमी ऐकून रिक्षा करून आली आणि चपलाही न काढता दारातच उभी राहिली. "उडा मनेगे बंद्रे मने बिडबेकु," ती म्हणाली. उडा म्हणजे घोरपड. ती घरात आली तर घर सोडायचं, घराची शांत करायची आणि मगच परत यायचं, अशी इकडची समजूत.

अक्कांचा पारा चढला. "विहिणबाई, आमच्या घराण्यात घोरपडीला मान आहे. तिच्या कमरेला दोर बांधून आमचे लोक गड चढले. ती आली तर आम्ही हळदकुंकू वाहतो, घर नाही सोडत. एनू आगल्ला. काही होत नाही."

खरं म्हणजे ती घोरपड नव्हतीच. सातासमुद्रापलीकडच्या त्या पालाखाऊ जिवाला ना यांचा गड ठाऊक, ना त्यांचा अपशकुन. हे मी दोघींना सांगितलं. दोघींनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चहा ठेवायला वर गेले. ताराम्मा त्याच रिक्षाने लेकीला बाळंतपणासाठी घेऊन गेली. जाताना भुवनला एवढंच म्हणाली, "ते घरात असेपर्यंत बाळ पाठवणार नाही."

पुढचे महिने अक्कांनी त्या प्राण्यावर जीव ओतला. गच्चीवरच्या खोलीत त्याला जागा केली, नाव ठेवलं सरदार. सकाळचं कोवळं ऊन, कोमट पाण्याचा टब, पिचकारीने तोंडात औषध. ओळखीच्या शेतकऱ्याकडून तुतीचा पाला यायचा. तो त्या एकेक पान पुसून, शिरा काढून, बारीक चिरून घालायच्या, वर जास्वंदीचं फूल. आणि त्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाने आधी हात धुवायचे. भुवनने एकदा न धुता दार ढकललं तर त्याला जिन्यावरून खाली पिटाळलं. "तुझ्या कारखान्याची घाण त्याला लागली म्हणजे?"

सरदार सावरला. बोटांचा कंप गेला, जबडा घट्ट झाला, कातडीवर हिरवा रंग चढला. अक्का वर आल्या की तो त्यांच्या दंडावरून खांद्यावर चढायचा.

गल्ली मात्र मोजत होती. भुवनची गाडी बेळगोळच्या रस्त्यावर घसरली, हात प्लास्टरमध्ये गेला. पाण्याची मोटर जळली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं मी म्हणत राहिले, पण लोकांनी आमच्या फाटकाशी उभं राहून बोलणं बंद केलं. दूधवाली पिशवी दुरून कट्ट्यावर ठेवायची. अक्का हसून सोडून देत. त्या रडल्या फक्त एकदा, नात झाली आणि बारशाला ताराम्माने तिला त्यांच्या मांडीवर दिलं नाही तेव्हा. नात हरिणी. तिला एकदा घरी आणावं, यापलीकडे त्यांना काही नको होतं.

आणि हरिणी आली. सहाना शिकलेली मुलगी, आईशी भांडून आली. "अत्ते, मी असलं काही मानत नाही," ती सासूला म्हणाली. अक्कांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा क्रम ठरला. सकाळी उठून हात कोपरापर्यंत धुवायचे, गच्चीवर जायचं, सरदारला न्हाऊ घालायचं, खोली झाडायची, त्याला खांद्यावर घेऊन उन्हात बसायचं. मग हात पदराला पुसत खाली यायचं आणि नातीला तेल लावायचं. हरिणीला त्यांच्या हाताशिवाय मालीश चालायचं नाही. भूक लागली की ती त्यांचंच बोट तोंडात धरून चोखायची. "माझ्या बोटाला गोडी आहे," अक्का म्हणायच्या. मी हे रोज जिन्यावरून बघत होते. घर इतकं आनंदात होतं की बघून बरं वाटायचं.

आधी ताप आला. मग जुलाब, त्यात रक्त. मग बाळ दूध ओढेना, रडेना, नुसतं कण्हायला लागलं. खासगी दवाखान्यात नेलं तेव्हा तिची टाळू फुगली होती. ताराम्मा आमच्या आधी येऊन बाकावर बसली होती. तिला बोलायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. त्यांनी विचारलं, "घरात कासव, सरडा, असलं काही पाळलंय का?"

भुवनने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ताराम्मा एकटक बघत होती. मला वाटलं अक्का नाही म्हणतील. सरदारचा जीव त्या उत्तरावर होता, आणि त्यांची अब्रूही.

"आहे," अक्का म्हणाल्या. "पण डॉक्टर, मी हात धुतल्याशिवाय कधी त्याला शिवले नाही. कोणालाच शिवू दिलं नाही."

"आधी?"

"आधी म्हणजे आधीच. कोपरापर्यंत."

"आणि नंतर?"

डॉक्टरीणबाईंनी सावकाश सांगितलं, की अशा प्राण्यांच्या पोटात जंतू असतात, त्यांचं त्यांना काही होत नाही, एवढ्याशा बाळाला होतं. अक्का ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्या आपल्या तळव्यांकडे बघत होत्या, आणि मी तिथून उठून गेले, कारण मला ते बघवेना.

हरिणी वाचली. पुष्कळ दिवस दवाखान्यात काढून बन्नीमंटपला आजीकडे गेली. भुवन रागाच्या भरात सरदारला बेळगोळच्या कालव्यात टाकायला निघाला होता. अक्का फाटकात आडव्या झाल्या. "त्याने काय केलं? केलं मी." मग बंगळूरच्या एका प्राणी सांभाळणाऱ्या माणसाने त्याला नेलं. धडधाकट झालेला सरदार पेटीत मावेना. ताराम्मा गावभर सांगते, उडा गेला आणि मूल वाचलं. अक्का ते खोडून काढत नाहीत. मला एकदा म्हणाल्या, "अपशकुन असता तर बरं झालं असतं गं. शांत करून सुटले असते."

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, अशा आजारानंतर मुलांचे कान तपासावे लागतात. तारीख पुढच्या महिन्यातली होती. त्याआधी एकदा सहानाने अक्कांना बन्नीमंटपला बोलावलं. मीही गेले.

हरिणी चटईवर पडली होती, खिडकीच्या हलणाऱ्या पडद्याकडे तोंड करून. चांगली गुटगुटीत झाली होती. "अत्ते, घ्या ना तिला," सहाना म्हणाली. अक्का उंबऱ्यापाशीच बसल्या. "बेडा, नको. इथूनच बघते." त्यांनी हाक मारली, "हरिणी." मग जरा मोठ्याने, "हरिणी, ए चिमणे." सहाना म्हणाली, खेळात आहे ती.

तेवढ्यात स्वयंपाकघरात ताराम्माच्या हातून स्टीलचं पातेलं फरशीवर पडलं. मी दचकले. सहानाने कानांवर हात नेले. अक्का अर्ध्या उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. ताराम्मा दारात आली, तिने आधी नातीकडे पाहिलं, मग अक्कांकडे.

हरिणी पडद्याकडे बघून हसतच होती.