एकशे बारा गिऱ्हाइकांना फोन

अपेक्षाचं सासर आटपाडीच्या बाजूचं, मेंढरं राखणारं घर. सासू हरणाबाई लोकरीचं सूत काढायच्या आणि सासरे सिद्धू मागावर घोंगड्या विणायचे. बाजारात घोंगडीला कुणी विचारेना झालं, तेव्हापासून माग धूळ खात पडला होता. अपेक्षा आणि तिचा नवरा पप्पू कुपवाडला भाड्याच्या खोलीत राहायचे. ती तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला जायची. एका महिन्यात कारखान्यानं वीस बायका कमी केल्या आणि त्यात तिचंही नाव आलं. रडत बसण्यात तिनं दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी इन्स्टाग्रामवर ‘हरणाई घोंगडी’ नावाचं पान उघडलं आणि सासऱ्यांना फोन करून माग झाडून ठेवायला सांगितलं.

हरणाबाई सूत काढतानाचा व्हिडिओ लोकांना आवडला. जाहिरात लावली की ऑर्डरी यायच्या. वर्षभरात एकशे बारा घोंगड्या गेल्या. पण जाहिरात थांबली की सगळं ठप्प. दर खेपेला नवी माणसं शोधायची, आणि एकदा घेऊन गेलेलं एकही माणूस परत फिरकलेलं नव्हतं. घोंगडी वर्षानुवर्षं टिकते, मग परत कोण येणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

अशात जयराज नावाच्या फौजीनं पानावर फोटो टाकला. ‘आईसाठी मागवली होती. चार महिन्यांत निम्मी झाली. निव्वळ फसवणूक.’ त्यानंतर आठवडाभर एकही ऑर्डर आली नाही.

पप्पूनं सुचवलं की हे पान बंद करून दुसऱ्या नावानं काढावं, लोक विसरून जातात.

“नाव तुमच्या आईचं हाय,” अपेक्षा म्हणाली. “ते मी पुसणार न्हाई.”

जयराजची ड्यूटी जम्मूला. दोन मेसेजना त्यानं उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याला कोयनानगरचा पत्ता धाडला, बाकी एक शब्द नाही. अपेक्षानं नवी घोंगडी पिशवीत घातली आणि सकाळची एसटी धरली. कराडला गाडी बदलून, पाटणच्या पुढची वळणं सोसत ती दुपारी जयराजच्या आईच्या, मनुबाईंच्या दारात उभी राहिली.

मनुबाईंनी आधी पाणी दिलं, मग घोंगडी पुढ्यात टाकली. आटून पार जाड, ताठ झाली होती. कशी धुतली, असं अपेक्षानं विचारलं. सुनेनं मशिनीत टाकली होती, गरम पाण्यात. लोकर गरम पाण्यात घालतं का कुणी, हे अपेक्षाच्या ओठावर आलं होतं. पण पार्सल भरताना आपण आत काय काय ठेवतो, ते तिला आठवलं. आभाराचं स्टिकर आणि पुढच्या खरेदीवर सूट देणारं कूपन. धुवायची कशी, याची एक ओळ नाही. तिच्या घरात ते कुणाला सांगावं लागत नव्हतं, म्हणून बाहेरही लागणार नाही असं तिनं धरून चाललं होतं.

“चूक आमची हाय, मावशी,” ती म्हणाली. “जपायची कशी, ते आमी सांगितलंच न्हाई.”

मनुबाई म्हणाल्या, “एवढ्या लांबनं हे सांगाया आलीस व्हय?” आणि तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

नवी घोंगडी तिथं ठेवून अपेक्षा जुनी सासरी घेऊन आली. हरणाबाईंनी ती चाचपून पाहिली. पांघरायच्या कामाची राहिली नव्हती, पण बसायला उत्तम होती. त्यांनी तिची चार आसनं कापली, कडा काळ्या सुतानं शिवल्या आणि कोयनानगरला धाडली. जयराजनं आपली तक्रार काढली नाही. तिच्याच खाली आसनांवर बसलेल्या आईचा फोटो टाकून पुढं काय झालं ते लिहिलं. त्या महिन्यात त्याच्या पलटणीतल्या पाच जणांनी घरच्यांसाठी घोंगड्या मागवल्या.

मग अपेक्षानं ठरवलं, एकशे बाराही जणांना फोन करायचा. रोज दहा. काहींनी विक्रीचा फोन समजून कापला, तिघांनी झाडलं. पण बहुतेकजण बोलले. कुणाला मानेला टोचत होती, कुणाला वास येत होता. एका बाईला तान्ह्या नातीसाठी छोटी हवी होती आणि ती मिळते हेच तिला ठाऊक नव्हतं. अपेक्षानं सगळं वहीत उतरवलं आणि एकेक गोष्ट मागावर नेली. मानेकडच्या काठाला सुती पट्टी आली. लोकर दोन उन्हं जास्त खाऊ लागली. कूपनाच्या जागी धुण्या-वाळवण्याची चिठ्ठी आली. पार्सल पोचल्यावर विसाव्या दिवशी फोन, आणि पावसाळ्याच्या तोंडावर हरणाबाईंच्या आवाजात निरोप: “घोंगडी उन्हात घाला, घडीत कडूलिंबाचा पाला ठिवा.” या दोन्ही वेळेला ती काहीही विकायची नाही. काठ उसवला तर फुकट शिवून मिळेल, असंही तिनं कळवलं.

यावर सिद्धू मात्र कुरकुरले. “इकल्याल्या मालाचं आनी काय बगत बसायचं?” मग पुण्याच्या एका बाईचा काठ शिवून दिला आणि तिनं लेकीच्या लग्नात द्यायला सहा घोंगड्या सांगितल्या. त्यानंतर म्हातारा आपणहून विचारू लागला, शिवायला काय आलंय का.

पुढच्या दिवाळीपर्यंत दहातल्या सहा ऑर्डरी जुन्या गिऱ्हाइकांच्या किंवा त्यांनी धाडलेल्या माणसांच्या होत्या. घरात दुसरा माग उभा राहिला.

गेल्या महिन्यात आष्ट्याच्या बचतगटानं तिला बोलायला बोलावलं. हळद पूड विकणाऱ्या राजनंदिनीनं विचारलं, “फॉलोअर कसं वाढवायचं, ताई?”

“तुमची पूड सगळ्यात आधी कुनी घेतली?” अपेक्षानं उलट विचारलं. “त्यास्नी आत्ता फोन लावा. इकू नका. कशी वाटली, एवढंच इचारा.”

राजनंदिनीनं सगळ्यांसमोर लाजत फोन लावला. पलीकडची बाई बोलू लागली, तशी ती ऐकता ऐकता शेजारणीकडं पेन मागू लागली.