चांदणी लावलेलं क्रियापद

लग्नाआधी मी पुण्यात एका कॉलेजात संस्कृत शिकवायचे. नवऱ्याबरोबर अबू धाबीला आले आणि ते सुटलं. आता मी एका क्लिनिकमध्ये इन्शुरन्सचे फॉर्म बघते. लेक इथेच युनिव्हर्सिटीत भाषाशास्त्र शिकते. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते.

एका शनिवारी खलिफा सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी भेंडी चिरत होते. समोर बसून ती घोकत होती, "बेरो, बिरिझी, बिरिदी..."

"हे काय गं?"

"प्रोटो-जर्मॅनिक व्हर्ब, आई. टू कॅरी. इंग्लिश 'बेअर' कम्स फ्रॉम इट."

म्हणजे इंग्रजी, जर्मन यांची पूर्वज भाषा. लेकीच्या कागदावर प्रत्येक रूपाआधी एक चांदणी होती. म्हणजे हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही. गॉथिक, जुनी इंग्रजी अशा नंतरच्या भाषा शेजारी शेजारी ठेवून अभ्यासकांनी ते अंदाजाने उभं केलंय.

"आणि 'ते वाहतात'?" मी विचारलं.

"बेरान्दी."

माझा हात थांबला. "भरन्ति," मी म्हणाले. "भरति, भरतः, भरन्ति. संस्कृतातला भृ धातू, वाहून नेणे. आपला 'भार' त्यातलाच."

"से इट अगेन!" तिने फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. मग जरा रागानेच म्हणाली, "व्हाय डिड यू नेव्हर टीच मी?"

तू कधी विचारलं नाहीस, हे ओठांवर आलं होतं. पण खरं तर मीच कधी विषय काढला नव्हता. काढला असता तर नोकरी सोडल्याचं दुःखही निघालं असतं, म्हणून.

"पास्ट टेन्स?" तिने विचारलं. "अवर्स इज 'बार'. ही कॅरीड."

मला आठवेना. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं रूप, आणि जिभेवर काही येईना. "बघून सांगते," म्हणाले आणि उठून नळाखाली उगाच हात धूत राहिले. फार लाज वाटली.

सोमवारी क्लिनिकबाहेर गाडी पार्क करताना ते रूप आपोआप तोंडात आलं. तिथेच बसून तिला व्हॉइस मेसेज पाठवला, "बभार."

पाच मिनिटांनी तिचा आवाज आला. उच्चार पार वाकडे होते, पण बोलणं मराठीत होतं, "आई, हे मला नीट शिकव ना."

गाडीतच बसून मी तिला पुढची रूपं म्हणून पाठवत राहिले. क्लिनिकमध्ये त्या दिवशी मी उशिरा पोचले.