चौथ्या खळ्यावरची चिंच

निंबोल्याच्या कडूनं चिंचेवरचा झोटिंग पाळलाय, ही बातमी बऱ्हाणपुरात पहिल्यांदा फुटली ती सिंधीपुऱ्याच्या पाणवठ्यावर. दुपारपर्यंत तिला शेपूट फुटलं, संध्याकाळपर्यंत शिंगं. कुणी म्हणे, साहेबाचा हरवलेला चेंडू झोटिंगच शोधून कडूच्या हातात ठेवतो. कुणी म्हणे, कडूची बायको त्याला दर अमावास्येला अंडं देते. एका म्हातारीनं तर त्याची दाढीही पाहिली होती. त्या म्हातारीनं आयुष्यात काय काय पाहिलं ते मोजायला बसलं, तर चातुर्मास पुरायचा नाही. ऐकणारे कानांवर हात ठेवत, पण बोटांत फटी ठेवून.

पहिलं महायुद्ध संपून तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. गिरणीचे, रेल्वेचे आणि कचेरीचे मिळून सात-आठ गोरे साहेब बऱ्हाणपुरात राहत. त्यांनी निंबोल्याच्या वाटेवरचा मुरमाड माळ घेतला आणि तिथं गोल्फचं मैदान केलं. विलायतेत म्हणे चेंडूच्या भोकाभोवती मऊ हिरवळ असते. इथं दिवाळीनंतर हिरवं गवत म्हणून काही राहायचं नाही. मग साहेबांनी वाळूत गिरणीचं जळकं तेल कालवलं आणि नऊ गोल तुकडे चोपून घेतले. साहेब त्यांना 'ब्राऊन' म्हणत, गावकरी 'साहेबाची खळी'. खळ्यासारखीच गोल आणि सपाट; दाणा मात्र तिथं कधी पडला नाही.

ही नऊ खळी कडू राखायचा. भल्या पहाटे एक जड पोतं ओढत भोकापासून बाहेर गोल गोल फिरायचा, की वाळू रांगोळीच्या चाळणीतून पडावी तशी सारखी बसायची. हे काम त्याचे पाय करत, डोळ्यांची गरज नव्हती. पण दुसरं काम डोळ्यांचंच होतं. साहेबानं काठी मारली की लांब पुढं उभं राहून चेंडू कुठं पडला ते सांगायचं.

आणि कडूचे डोळे तर गेले होते.

एकदम नाही गेले. आधी चेंडू दिसेनासा झाला, मग भोकातला झेंडा, मग झेंडा धरणारा माणूस. शेवटी सगळा माळ दुधात बुडाल्यासारखा पांढरा झाला, त्याला आता चार वर्षं होत होती. घराबाहेर हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर नोकरी जाणारच होती, आणि तिच्यासोबत माळावरचं गवत कापायची मुभाही. त्या गवतावर घरची दोन जनावरं उभी होती. म्हणून कडू कानांनी बघायचा. मुरमावर पडला तर 'टक', गवतात पडला तर 'थुप', नाल्यात गेला तर काहीच नाही. बाजू सांगायला मनकर्णा होती. त्याची बायको विळा घेऊन बांधाशी गवत कापत बसायची. एकदा खोकली की डावीकडं, दोनदा खोकली की उजवीकडं. साहेबांना वाटे, बाईला क्षय आहे. एकानं दया येऊन औषधाची बाटली दिली. तिनं ती म्हशीला पाजली.

खेळ झाला की साहेब तंबूत बसून आपापल्या गावच्या मैदानांच्या गोष्टी सांगत. एकाच्या मैदानाला समुद्र लागून होता, वारा असा की मारलेला चेंडू परत पायाशी यावा. एकाच्या मैदानावर मेंढ्या चरत. जो तो आपल्या गावचं मैदान असं सांगे, जशी सासरी गेलेली पोर माहेरची विहीर सांगते. दिगंबर मुनशी, सिंधीपुऱ्यातला क्लबचा कारकून, ते सगळं नोकरांना मराठीतून ऐकवी, वरून दोन मेंढ्या जास्तीच्या घालून.

दसरा होऊन हंगाम सुरू झाला, तेव्हा एक पाहुणा साहेब आला. गावोगावची मैदानं बघून वहीत लिहायचा त्याला नाद. त्यानं विचारलं, "या मैदानावर सगळ्यात जास्त कोण खेळतं?" साहेबांनी एकमेकांची तोंडं बघितली. मग गिरणीचा साहेब हसून म्हणाला, "खेळतं कुणीही, रोज चालतो एकटा कडू. त्यालाच विचारा."

कडू पुढं झाला. तोंड उघडलं, आणि मग ते थांबेना.

"पहिलं खळं सोपं, साहेब, पण मागं उतार आहे, चेंडू गेला की तापीलेच विचारा. दुसऱ्यावर मुंगळ्यांचं वारूळ आहे, त्याले हात लावू नका. तिसऱ्याची वाळू सकाळी ओली, दुपारी कोरडी. दुपारी हळू मारा." बोलत बोलत तो चालत होता, पावलं मोजत. मागून साहेब, मुनशी भाषांतर करतोय, आणि बांधाबांधानं मनकर्णा. "आता चौथं. इथं चिंच आहे. तिची एक फांदी आडवी येते, मानेइतकी खाली. दोनदा फुटलंय माझं कपाळ. वाका, साहेब."

आणि कडू वाकला.

उन्हाची तिरीप थेट पाठीवर बसली, तेव्हा त्याला जाणवलं, सावली कुठाय? पण पाठ वाकून झाली होती. मागं कुणी वाकलं नाही. पावलं थांबली.

"कडू," मुनशीचा आवाज आला, सुपारी कातरावी तसा, "चिंच कुठंय रे? श्रावणात तोडली ना साहेबांनी! बुंधासुद्धा उपटला. तू कशाखालून वाकलास?"

पावसाळ्यात खेळ बंद असतो, कडू माळावर फिरकत नाही, तेव्हा तोडली होती; आणि हंगाम सुरू झाल्यावर पहाटेच्या अंधारात तो नुसता सवयीनं वाकून जायचा. आणि मनकर्णानं तिच्या फांद्या डोक्यावरून घरी आणल्या होत्या. दोन महिने त्या चुलीत जळत होत्या. कडूनं त्याच लाकडांवरच्या भाकरी खाल्ल्या होत्या, 'आच चांगली लागते आहे' असंही म्हणाला होता. फुकटचं लाकूड मिळाल्याच्या आनंदात बाई नवऱ्याला सांगायचंच विसरली.

मुनशी दोन पावलं जवळ आला. त्याचा श्वास कडूच्या तोंडावर लागला. तो डोळ्यांत वाकून बघत होता.

"दूर व्हा, मुनशीजी!" मनकर्णा विळा घेऊन मधे आली. "झाड गेलं, बसणारा नही गेला! पन्नास वर्षांचं त्याचं घर तोडलं तुम्ही. माझा माणूस रोज वाकून त्याले वाट देतो, म्हणून तर कोणाले धरत नही तो. तुम्ही ताठ उभे राहिले ना आत्ता? घरी जाऊन अंगात ताप बघा!"

मुनशी इंग्रजी शिकलेला, पण सिंधीपुऱ्यातला. तो चटकन वाकला. साहेबानं काय झालं विचारलं, ऐकलं, आणि खूष होऊन वहीत लिहून घेतलं. त्या रात्री मुनशीला खरोखरच ताप आला. हिवतापाचे दिवस होते, निम्म्या गावाला आला होता. पण निम्म्या गावाची गोष्ट कोण सांगतो!

झालं. कडूची नोकरी पक्की झाली. झोटिंगाच्या माणसाला काढायची हिंमत कुणात? चेंडू सापडत नसला तरी कुणी ब्र काढीना. कडू रोज चिंच नसलेल्या जागी वाकायचा, आणि मनकर्णा त्याला म्हणायची, "अजून थोडं वाका, लोक बघतात."

पण बातमीला पाय असतात. ती निंबोल्याला आली, तेव्हा शेजारणीनं विरजण मागणं सोडलं. पंगतीत कडूच्या बाजूचं पान रिकामं राहायला लागलं. आणि मग ती धूलकोटला पोचली. धूलकोटच्या सुपडूच्या पोराशी कडूच्या लेकीचं, लीलाचं, लग्नाचं कुंकू लागलं होतं.

सुपडू एका सकाळी आला, सोबत दिगंबर मुनशीला घेऊन. साहेबाच्या वहीत लिहिलंय, ते वाचणारा साक्षीदार नको का! लीला चुलीमागं जाऊन बसली. कडूला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मग त्याही ऐकू येईनात.

"माझा काही राग नही, कडूभाऊ," सुपडू म्हणाला. "पोर गुणाची आहे. पण मुनशीजी सांगतात ते खोटं कसं म्हणू?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय," मुनशी म्हणाला.

"अहो दाजी, तो आमच्या पोरीले काय करतो!" मनकर्णा घाईनं म्हणाली. "आम्ही कोंबडं देऊ, उतारा टाकू..."

"उताऱ्यानं नही भागत. आमचा भगत म्हणतो, पोर आठ दिवस माझ्याकडं ठेवा. मिरच्यांची धुरी द्यावी लागेल. रोज थोडा मार. मग तिच्या अंगातून निघतो तो, मग लग्न. नही तर कुंकू मोडलं समजा."

"ठेवतो ना," मनकर्णा म्हणून गेली, आणि स्वतःच्याच शब्दानं थबकली. एका खोट्याला झाकायला दुसरं कुठून आणावं, ते तिला सुचेना. चुलीमागं लीला रडत होती, आवाज न करता. पण कडूचे कान चार वर्षं फक्त हेच काम करत आले होते.

तो उठला. सुपडूच्या आवाजाकडं तोंड करून उभा राहिला. मुनशी कुठं बसलाय ते त्याला ठाऊक होतं. अत्तराचा वास येत होता.

"भूत नही, दाजी," कडू म्हणाला. "मले दिसत नही. चार वर्षं झाली. चिंच तोडली ते मले माहीतच नव्हतं."