फिर्मांने मागून घेतलेला रस्ता

फिर्मांने जन्मभर दुधाचा ट्रक चालवला. फ्रान्सातल्या मोर्वांच्या डोंगरात असा एक गोठा नसेल, की ज्याच्या दारात तो पहाटे इंजिन घरघरवत उभा राहिला नाही. म्हणूनच की काय, सुट्टी लागली की त्याला इंजिनाचा आवाजही सोसायचा नाही. दर जूनमध्ये तो आणि त्याची बायको ज्योसेत सायकलींना पिशव्या लटकवायचे, नकाशा उघडायचे, आणि लाल-पिवळ्या रेघा सोडून नुसत्या पांढऱ्या रेघा धरून निघायचे. पांढरी रेघ म्हणजे कुणालाच घाई नसलेला रस्ता. शेताच्या कडेने, ओढ्याच्या अंगाने, चर्चच्या पाठीमागून. दुपारी एखाद्या गावच्या धुण्याच्या हौदापाशी पाव-चीजची पुरचुंडी सोडायची, आणि ज्योसेतने गप्पांची. अशी बोलायची बाई, की चढ कधी सरला ते पायांना कळू नये!

मग एका फेब्रुवारीत ज्योसेतला अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय कमजोर झाला. त्याहून वाईट म्हणजे डावी बाजू आहे याचीच तिला आठवण राहीना. ताटातलं डावीकडचं तसंच उरायचं, दाराची डावी चौकट खांद्याला लागायची. दोन चाकांवरचा तोल गेला तो गेलाच. फिर्मांने तिला तीनचाकी आणून दिली, मागे टोपलीवाली. ती बघून म्हणाली, "झालं! आता बाजारात कोबी विकायला बसव मला." दुसऱ्या दिवशी मात्र बाई अंगणात फेऱ्या मारत होती.

त्या तीनचाकीवरून ती एकाच ठिकाणी जायची. गुरुवारी दुपारी, ओढ्याकाठच्या रस्त्याने, पलीकडच्या वस्तीवर, धाकट्या बहिणीकडे. लिलियान तिचं नाव. जायची ती एकटी, आणि तिचं सगळं सुख त्या एकटेपणात होतं. आंघोळीला फिर्मां, बुटाच्या नाडीला फिर्मां, ताटातलं मांस कापायला फिर्मां. गुरुवारी मात्र त्याने फाटकाच्या आत राहायचं. "मागे मागे आलास तर याद राख," ती दम भरायची, "चोरासारखा पाळतीवर आहेस का माझ्या?" आमच्याकडे वाहनं उजव्या कडेने चालतात; पण रस्ता असा निवांत, की तीनचाकी सरकत सरकत डावीकडे पार मधोमध गेली तरी अडत कुणाचंच नव्हतं.

पण एका हिवाळ्यात बर्फाने रस्ता फोडून काढला. खड्ड्याला आमच्याकडे कोंबडीचं घरटं म्हणतात. त्या वर्षी तिथे डुकरं वितील एवढाले खड्डे झाले. वसंतातल्या एका गुरुवारी ज्योसेतचं चाक त्यात रुतलं, आणि ती तशीच बसून राहिली. शेवटी पिशव्यावाल्या सायकलींवरून चाललेल्या एका डच जोडप्याने तिला ओढून काढलं. घरी आली ती पांढरीफटक. "फिर्मां," ती म्हणाली, "माझा रस्ता गेला रे."

फिर्मां तडक सरपंचबाईंकडे गेला. कोरीन वासलां हे त्यांचं नाव, आधी औषधांचं दुकान चालवायच्या. त्या म्हणाल्या, "फिर्मां, दोन वस्त्या, चार म्हाताऱ्या आणि बाकी गाई. डांबर कोणासाठी मागू? गाईंसाठी?"

"सायकलवाल्यांसाठी मागा की!" फिर्मां उसळून म्हणाला. "उन्हाळाभर येतात. डच येतात, जर्मन येतात, पॅरिसचे सुद्धा येतात, गाडी न दिसणारा रस्ता शोधत. असा रस्ता आपल्याकडे आहे, आणि आपण तो सडवतोय!"

बाईंनी कागद पुढे ओढला. मग हळूच म्हणाल्या, "हे बरंय हो." झालं. अक्कल फिर्मांची, धावपळ बाईंची. वर्ष उलटायच्या आत यंत्रं आली, खाली दगडी सोलिंग भरलं, ओढ्यावरची मोरी नवी बांधली, वर डांबराचा जाड थर. हिरवी पाटी लागली, तिच्यावर पांढरी सायकल. उद्घाटनाची फीत बाईंनी ज्योसेतच्या हातून कापवली, आणि तीनचाकी पहिली त्या रस्त्यावर गेली. अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या. फिर्मां वाइनचा पेला धरून उभा, आणि डोळ्यांतून धारा. लाज कसली त्यात? बायकोला तिचा रस्ता परत मिळाला होता, आणि तो त्याने मिळवून दिला होता.

पण रस्ता पक्का झाला की तो काय फक्त म्हाताऱ्यांना पेलतो?

दरीच्या तोंडाशी लाकडाची मोठी वखार आहे. तिचे ओंडक्यांचे ट्रक डोंगराला वळसा घालून जायचे. सप्टेंबरात एका ट्रकवाल्याला कळलं, की नवी मोरी वजन घेते आणि अर्धा वेळ वाचतो. मग दुसऱ्याला कळलं. मग मोबाइलमधल्या नकाशाला कळलं, आणि आजवर ज्यांनी आमच्या वस्तीचं नाव ऐकलं नव्हतं ते मोटारीतून भन्नाट सुटायला लागले. सायकलची हिरवी पाटी आपली बिचारी प्रत्येक ट्रकच्या वाऱ्याने थरथरायची. ज्योसेत गुरुवारी फाटकापर्यंत जायची, वाट बघायची आणि परत फिरायची. "आज गुडघा दुखतोय," म्हणायची. कधी म्हणे आभाळ आलंय. फिर्मां हूं म्हणायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्याचं मन त्याला खात होतं.

बरं, शिव्या तरी कोणाला द्याव्यात? सगळ्यात आधी ज्याला हा रस्ता सापडला तो ट्रकवाला दुसरातिसरा कोणी नव्हता, लिलियानचाच मुलगा झील होता! गुणी पोरगा. मावशीचं घर आलं की वेग कमी करायचा, हात हलवायचा. लिलियान तर हरखून गेली होती. "भावोजी, तुमचे उपकार झाले," ती फोनवर म्हणाली, "तुमच्या रस्त्यामुळे झील दुपारचा गरम जेवायला घरी येतो हो!" फिर्मांने फोन ठेवला आणि टोपी शोधली.

तो पुन्हा सरपंचबाईंकडे गेला. ट्रकांना बंदी घाला म्हणाला. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "अर्धं गाव त्या वखारीवर जेवतं, फिर्मां. आणि रस्ता मागितला कोणी? तुम्हीच ना? आता कोणत्या तोंडाने मी तो बंद करू?"

कोणत्याच नाही. हे त्यालाही कळत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी तो कुदळ घेऊन मोरीवर गेला. रविवारी ट्रक नसतात. मोरीच्या कडेचं डांबर उखडलं, खाली पोकळी दिसली, की ट्रकवाले मोरी खचली समजून घाबरतील, जुन्या वाटेने जातील, असा त्याचा हिशेब. हिशेब कसला, खुळेपणा! पण बुडत्याला काडीचा आधार. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, घामाघूम होऊन स्वतःच मागून घेतलेला रस्ता फोडत होता. चांगला हातभर खड्डा झाला, आणि मागे व्हॅन थांबली. आत बंदूक, शिकारी कुत्रा, आणि स्टेअरिंगवर झील.

"काका! काय चाललंय?"

फिर्मांच्या जिभेवर जे आलं ते आलं. "खड्डा पडलाय रे. बुजवतोय."

झीलने वाकून बघितलं. फिर्मांचे फोड आलेले हात बघितले, आणि पोराचा चेहराच बदलला. "मावशीसाठी ना? एकटे आलात! अहो, मला एक हाक मारायची ना, काका. परका आहे का मी?" त्याने कोट काढला, व्हॅनमधून अंगणासाठी आणलेली डांबरी खडीची गोणी उतरवली, फिर्मांच्या हातातून कुदळ घेतली आणि खड्डा दगडांनी, खडीने भरून असा ठोकून काढला, की पूर्वीपेक्षा घट्ट. वरून व्हॅनचं चाकही फिरवलं. फिर्मां कुत्र्याची साखळी धरून बघत राहिला. थांब म्हणायला तोंड होतं का त्याला?

"आता मावशीला सांगा, बिनघोर ये म्हणावं," झील म्हणाला. "आई रोज वाट बघते. गुरुवारी रडकुंडीला येते."

त्या गुरुवारी ज्योसेतने निळा स्वेटर घातला, टोपलीत आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी ठेवली, आणि फाटकापाशी गेली. फिर्मां खिडकीशी. एक ट्रक गेला. दोन मोटारी गेल्या. मग बराच वेळ रस्ता मोकळा होता, अगदी मोकळा, तरी ती हलली नाही. शेवटी मान वळवून तिने हाक मारली.

"फिर्मां, गाडी काढ."

"अगं, आत्ता कोणी नाहीये. जा की."

"मला डावीकडचं कळत नाही रे," ती म्हणाली. "मला वाटतं मी कडेने चाललेय. तू गाडी काढ."

झटका आल्यापासून इतकी वर्षं हे तिने कधी मान्य केलं नव्हतं. फिर्मांने किल्ली घेतली.

वाटेत ती मांडीवरची बरणी घट्ट धरून बसली होती. लिलियान दारातच उभी होती. दोघांना बघून चपापली, मग लगबगीने तिसरा कप काढला. तिघं टेबलाशी बसली. लिलियान म्हणाली, यंदा अक्रोड कमी आले. ज्योसेत म्हणाली, हो, कमीच. फिर्मांने घड्याळाकडे बघितलं. मग पुन्हा अक्रोड. ज्या दोघी अख्खी दुपार बोलत बसायच्या, त्यांना आज विषय सापडेना, आणि अडचण कोण आहे हे कळायला फिर्मांला फार वेळ लागला नाही. "मी जरा गाडीत बसतो," तो म्हणाला. कुणी थांब म्हटलं नाही.

गाडीत बसून दार ओढून घेतोय तोच घरातून आवाज आला. ज्योसेत रडत होती. हमसून हमसून, पोरीसारखी, आणि लिलियान म्हणत होती, "रड ताई, रड, मोकळी हो." घरी ज्योसेत एकदाही रडली नव्हती. दवाखान्यात नाही, पहिल्यांदा त्याने तिला आंघोळ घातली तेव्हा नाही, कधीच नाही. त्याला वाटायचं, सावरलीय आपली बायको. गुरुवार तिला कशासाठी हवा असायचा हे त्याला आज कळलं. उठून आत जावं, तिला जवळ घ्यावं, असं त्याच्या मनात आलं, पण तो उठला नाही. कारण तो आत गेला असता तर ती थांबली असती.

फिर्मांने गाडीची काच वर केली आणि लिलियान बोलावेपर्यंत तो तसाच बसून राहिला.